दोन घरं कमी उजेड

करंजपट्टीची चंपा भाजे गावच्या शाळेत पोरांचा दुपारचा भात शिजवायची. वय सत्तेचाळीस. नवरा जानू रेल्वेत गँगमन होता, चार वर्षांपूर्वी काविळीनं गेला. मुलगी प्रतीक्षा चाकणला कंपनीत लागली आणि तिनं आईला चांगला मोबाइल घेऊन दिला. चंपा त्यावर रोज भाताच्या पातेल्याचा फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकायची, कारण तसा नियम होता. फोटोशी तिचा संबंध तेवढाच.

करंजपट्टी म्हणजे भाज्याच्या वर, डोंगराच्या उतारावर बसलेली अकरा घरं. त्यांच्याही वरच्या अंगाला गेल्या उन्हाळ्यात कुणी बंगल्यांच्या प्लॉटसाठी पोकलेन लावून डोंगर कापला होता. पावसाळा लागला तसं काम थांबलं, मशिन गेलं, कापलेला डोंगर तसाच उघडा राहिला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वाडीचं पाणी अचानक बंद झालं. झऱ्याचा पाइप बघायला चंपा वर गेली. निखळलेला जोड बसवत असताना तिचा पाय गवतात रुतला आणि पोटरीपर्यंत आत गेला. गवत बाजूला करून पाहते तर जमीन फाटलेली. आठ बोटं रुंद भेग, डोंगराला आडवी, चाळीस-पन्नास पावलं लांब गेलेली. आणि तिच्या बरोब्बर खाली अकरा घरांची कौलं आणि पत्रे.

चंपानं तिथंच उभं राहून मोबाइलवर फोटो काढला आणि तलाठी स्नेहलला पाठवला. स्नेहल पुण्याकडची तरुण मुलगी, सहा गावांचा कारभार एकटी बघायची. दुसऱ्या दिवशी ती छत्री सांभाळत, घसरत वर आली, भेग पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, मी बघितलं, मला पटलं. पण वरच्या साहेबांना फोटो लागतो. आणि तुमच्या फोटोत वर सगळं पांढरं, खाली सगळं काळं. भेग कुठंय तेच कळत नाही."

स्नेहलनं स्वतःच्या मोबाइलवरही दोन फोटो काढले. तेही तसेच आले. आठ दिवसांनी चंपानं पुन्हा फोटो पाठवला. या खेपेला माती राखाडी आणि धुकं निळसर आलं. वरून उत्तर आलं, की पहिला फोटो आणि हा फोटो एकाच जागेचे वाटत नाहीत.

मग चंपा मळवलीहून गाडीत बसून एक स्टेशन पुढं लोणावळ्याला गेली. स्टेशनजवळ महिपती नावाच्या म्हाताऱ्याचं पासपोर्ट फोटोचं दुकान होतं. जानूच्या नोकरीच्या कागदांचे फोटो तिथंच काढले होते. चंपाला वाटलं, मोठा कागदी फोटो काढून घेतला तर निदान भेग दिसेल.

महिपतीनं मोबाइल हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"ताई, मोठा काढला तर मोठं काळं दिसेल. दोष तुमचा नाही, धुक्याचा आहे."

"धुक्याचा?"

"मी तीस वर्षं पॉइंटवर टुरिस्ट लोकांचे फोटो काढलेत. पावसाळ्यात नवरा-नवरी धुक्यात उभे करायचे. पहिल्या वर्षी सगळे कोळशासारखे आले, लोकांनी शिव्या घातल्या. कॅमेरा मूर्ख असतो. त्याला वाटतं, अख्खी दुनिया राखेच्या रंगाची. पांढरं समोर आलं की म्हणतो, फार उजेड आहे, आणि उजेड तोडतो. मग धुकं राखेसारखं होतं आणि त्याच्या पुढ्यातलं सगळं काळं. अशा वेळी आपण त्याचं ऐकायचं नाही. उजेड आपण ठरवायचा. एक्स्पोजर म्हणतात ते एवढंच, उजेड किती आत घ्यायचा. बाकी सगळे नखरे."

चंपानं भेगेची सगळी हकीकत सांगितली. महिपती ऐकत राहिला. मग त्यानं कपाट उघडून एक जुना डिजिटल कॅमेरा आणि तीन पायांचा स्टँड काढला.

"मोबाइल स्वतःच्या मनानं चालतो. याला आपण सांगू तसंच राहावं लागतं. दोन फोटो एकाच जागेचे वाटायला हवे असतील तर जागा तीच, उंची तीच, उजेड तोच. शिकाल?"

"शिकते की. पर मला इंग्रजी न्हाई येत."

"आकडे येतात ना? झालं तर."

त्यानं पासपोर्ट फोटोच्या पाकिटावर आकडे लिहून दिले. भोक केवढं, ते किती वेळ उघडं, आणि आतला पडदा किती हळवा. भोक लहान केलं तर जवळची खुंटी आणि लांबचं घर दोन्ही स्पष्ट येतात, पण उजेड कमी पडतो. मग ते जास्त वेळ उघडं ठेवायचं. जास्त वेळ उघडं ठेवायचं तर कॅमेरा हलता कामा नये, म्हणून स्टँड. पडदा फार हळवा केला तर फोटोत वाळू सांडल्यासारखे दाणे येतात आणि मातीत माती हरवते. उजेड दुप्पट करायचा किंवा निम्म्यावर आणायचा, त्या एका पायरीला महिपती 'घर' म्हणायचा. एक घर वर, एक घर खाली.

घरी आल्यावर चंपाला त्यातलं निम्मंच आठवलं. दुसऱ्या दिवशी शाळेत भात उतरल्यावर तिनं मोकळ्या वेळात कॅमेरा काढला. आधी तिनं तो आपल्या मनानं चालणाऱ्या खुणेवर ठेवला आणि तांदळाच्या पिठानं भरलेल्या परातीचा फोटो काढला. पीठ राखाडी आलं. मग चुलीवरच्या काजळलेल्या पातेल्याच्या बुडाचा काढला. तेही राखाडीच आलं. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर पीठ कुठलं आणि काजळी कुठली ते सांगता येईना. चंपा एकटीच हसली. म्हातारा खरं बोलत होता. मग तिनं कॅमेऱ्यावरची उजेडाची चकती स्वतःच्या हातानं फिरवली. पिठासाठी दोन घरं वर, काजळीसाठी दोन घरं खाली. पीठ पांढरं झालं, काजळी काळी. पुढचे चार दिवस ती रोज भात झाकून ठेवायची आणि परात, पातेलं, खिडकी, भिंत असं एकेक करत सराव करायची.

वाडीत मात्र कुरबुर सुरू झाली. चंपाचा दीर प्रदीप, जानूचा धाकटा भाऊ, त्यानं वाडीच्या वरच्या टोकाला पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं यायची, धबधबा बघायची, त्याच्या बायकोच्या, रेणुकाच्या हातची भाकरी खायची. बांधकामाची एकेक वीट त्यानं स्वतः वाहिली होती.

"वयनी, ते फोटो बंद करा," तो एका संध्याकाळी दारात येऊन म्हणाला. "शनिवारची पार्टी इचारत व्हती, तुमच्याकडं दरड पडती का म्हनून. मी काय सांगू तेंना?"

"हाय ते सांगा, भावजी."

"काय हाय? पावसाळ्यात भुई फाटतीच. बांधावर न्हाई का फाटत?"

"बांधाखाली अकरा घरं नसत्यात."

प्रदीप निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी चंपा स्टँड खांद्यावर टाकून वर निघाली, तेव्हा रेणुका छत्री घेऊन मागून आली. "कॅमेरा भिजंल," एवढंच ती म्हणाली. भेगेच्या दोन्ही काठांना बांबूच्या खुंट्या रेणुकानंच ठोकल्या. दोन खुंट्यांमध्ये शिवणाची टेप लावली. साठ सेंटिमीटर.

धुकं दाट होतं. चंपानं पाकिटावरचे आकडे लावले, मग धुक्यासाठी दीड घर वर गेली आणि श्वास रोखून बटण दाबलं. मागच्या काचेवर फोटो उमटला. धुकं पांढरं होतं, माती तांबूस होती. गवताची मुळं, टेपवरचे आकडे, भेगेच्या तळाला साचलेला चिखल, सगळं लख्ख दिसत होतं.

"किती सपष्ट आलंय, अक्का," रेणुका म्हणाली.

चंपा काचेकडं पाहत राहिली. फोटो डोळ्यांना दिसत होतं तसाच होता. हातभर खोल चर, तळाला चिखल. शेतात पाणी काढायला खणतात तसा. पुण्यातल्या ऑफिसात बसून हा फोटो बघणारा माणूस म्हणेल, यात काय आहे? जमिनीखाली काय चाललं आहे ते या फोटोत येत नव्हतं. रात्री डोंगराच्या पोटातून पाण्याचा जो घुमल्यासारखा आवाज यायचा, तोही येत नव्हता.

तिनं पिशवीतून बॅटरी काढली आणि रेणुकाला भेगेच्या कडेला बसून आडवा झोत टाकायला सांगितला. मग चकती फिरवली. एक घर खाली. काढला. आणखी एक घर खाली. पुन्हा काढला.

या फोटोत भेगेचे काठ सुरीच्या पात्यासारखे चमकत होते आणि मधे नुसता अंधार होता. तळच नव्हता. माणूस आत उतरला तर परत येणार नाही, असा.

लोणावळ्याला महिपतीनं कार्डावरचे फोटो मोबाइलवर कसे घ्यायचे ते शिकवलं आणि दोन्ही फोटो पडद्यावर पाहिले.

"हा दुसरा तुम्ही कमी एक्स्पोज केलाय. चुकून?"

"न्हाई," चंपा म्हणाली.

महिपतीनं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "मी तीस वर्षं नवऱ्यामुलींना गोरं करून दिलंय. मी कुठल्या तोंडानं बोलणार? पण ताई, एक सांगतो. जे गोरं करून द्यायचो ना, त्यांचा खरा रंग घरी गेल्यावर दिसायचाच."

चंपानं काळा फोटो पाठवला.

त्या फोटोनं दोन दिवसांत काम केलं. स्नेहलनं तो वर पाठवला, तिथून आणखी वर गेला. कुणाकडून तरी वर्तमानपत्रात आला, मग घरोघरच्या मोबाइलवर फिरला. तिसऱ्या दिवशी जीप आल्या आणि अकराही घरं खाली रस्त्याजवळच्या विहारात हलवली. सतरंज्या अंथरल्या, मधे साड्यांचे पडदे बांधले. चंपानं सगळ्यांसाठी मोठ्या पातेल्यात भात लावला. त्या रात्री तिला तीन आठवड्यांत पहिल्यांदा शांत झोप लागली.

पण दिवस जाऊ लागले आणि दरड काही येईना. म्हशींना चारा वाहून न्यावा लागे. लावणीची कामं बुडाली, पोरं खोकू लागली. प्रदीपकडं येणाऱ्या सगळ्या पाहुण्यांनी फोटो पाहून बेत रद्द केले. दहाव्या दिवशी आभाळ उघडलं आणि पुण्याहून भूगर्भाचे जाणकार साहेब आले. वाडीतली पुरुषमंडळी त्यांच्याबरोबर वर गेली. साहेबांनी भेगेत काठी घातली. काठी हातभर गेली आणि चिखलात थांबली.

"फोटोवरून मला वाटलं होतं, दोरी सोडावी लागेल," साहेब म्हणाले. लोक हसले. साहेबांनी तसं काम टाळलं नाही. भेग चिकणमातीनं बुजवा, वरचं पाणी चर खणून वळवा, लक्ष ठेवा, असं त्यांनी लिहून दिलं. पण लोकांच्या कानात राहिली ती काठी.

अठराव्या दिवशी माणसं घरी परतली. त्या संध्याकाळी प्रदीपनं सगळ्यांसमोर मोबाइल चंपाच्या तोंडासमोर धरला.

"ही भेग हाय का इहीर हाय, वयनी? सांगा की समद्यांना."

चंपाला तेव्हाच सांगता आलं असतं. खरा फोटो तिच्या पिशवीतल्या कॅमेऱ्यात होता. पण समोर एवढी थकलेली, चिडलेली माणसं पाहून तिनं पिशवी काखेत आवळली. "कॅमेऱ्यात तसंच आलं," ती पुटपुटली.

रेणुका मागं उभी होती. बॅटरी तिनंच धरली होती. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि ती घराकडं वळली.

पुढं चंपा दर दोन दिवसांनी वर जात राहिली. आता ती चकतीला इकडचं तिकडं होऊ देत नव्हती. तीच जागा, तेच आकडे, धुकं असेल तर दीड घर वर, बॅटरी नाही. परतल्यावर वाडीनं भेगेत बुजवलेली चिकणमाती आठवडाभर टिकली. एकसष्ट सेंटिमीटर. पुन्हा एकसष्ट. ऑगस्टच्या शेवटी तीन दिवस संततधार लागली आणि टेपवर चौसष्ट आले. दुसऱ्या दिवशी एकाहत्तर. चिकणमाती मधोमध फाटून खाली बसली होती.

तिनं सगळे फोटो स्नेहलला पाठवले. स्नेहलचा लगेच फोन आला.

"मावशी, फोटो एकदम स्पष्ट आहेत. मी पाठवलेत, फोनही केलाय. पण तिकडून विचारतात, हे मागच्यासारखं नाही ना? उद्यापर्यंत माणूस पाठवतो म्हणालेत. तुम्ही वाट बघू नका, लोकांना खाली आणा."

चंपा भर पावसात दारोदार फिरली. मोबाइलवर एकेक फोटो दाखवून आकडे वाचून दाखवू लागली. वाडीतला सगळ्यात म्हातारा सखाराम उंबऱ्यावर बसूनच म्हणाला, "मागल्या बारीलाबी फोटोच व्हता, पोरी."

"आबा, ह्यो खरा हाय."

"मंग त्यो?"

चंपानं मोबाइल पदराखाली घेतला. ती पावसात तशीच उभी राहिली. तेवढ्यात रेणुका दोन्ही लेकरांना हाताला धरून, डोक्यावर गाठोडं घेऊन वरून उतरताना दिसली.

"फोटो राहू द्या, आबा," ती म्हणाली. "खुट्या मी माज्या हातानं ठोकल्यात. मी सकाळी जाऊन बघून आले. एक खुटी कलंडलीया. मी चालले."

रेणुका गेली तसं शेजारच्या घरानं सामान बांधलं, मग त्याच्या शेजारच्यानं. सखारामाला त्याच्या नातवांनी पाठीवर घेतलं. दुपारपर्यंत दहा घरं रिकामी झाली. प्रदीप राहिला. त्यानं खोल्यांची दारं आतून लावून घेतली. चंपा दारावर थापा मारत राहिली, हात दुखेपर्यंत.

"भावजी, पाया पडते, चला."

"एकदा फसलो, वयनी," आतून आवाज आला. "तुमी जावा."

चार वाजण्याच्या सुमाराला विहारात चहा होत होता. आधी एक लांबलचक घरघर ऐकू आली, मालगाडी जवळून जाते तशी. मग झाडं मोडल्याचा आवाज. बाहेर येऊन पाहिलं तर वाडीच्या वरचा हिरवा डोंगर तांबडा झाला होता.

दरडीनं प्रदीपच्या दोन्ही खोल्या आणि खालची दोन घरं नेली. माणसं घमेली, कुदळी आणि नुसते हात घेऊन धावली. प्रदीप म्हशीचं दावं सोडायला मागच्या दारानं बाहेर पडला होता, म्हणून भिंतीखाली सापडला नाही. कमरेपर्यंत मातीत गाडला गेला होता. त्याला काढायला दीड तास लागला. चंपाची नखं मुळापासून उलटली, ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी प्रदीपचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

आठवड्यानं स्नेहल पंचनाम्याचे कागद घेऊन विहारात आली. वाडीला रस्त्याकाठी पत्र्याच्या खोल्या मिळणार होत्या. त्या कागदांना सगळे फोटो तारखेनुसार जोडायचे होते. चंपानं एकेक फोटो दिला. शेवटी कॅमेऱ्याच्या पहिल्या दिवसाचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले.

"हा दुसरा कधी पाठवला होता तुम्ही?" स्नेहलनं विचारलं.

"न्हवता पाठवला. ह्यो खरा. तुमच्याकडं हाय त्यो मी काळा केलेला."

स्नेहलनं दोन्ही निरखून पाहिले. मग हळू आवाजात म्हणाली, "मावशी, कुणी विचारलेलं नाही. कशाला देताय? त्या फोटोमुळंच तर पहिल्यांदा कुणीतरी वर आलं."

"व्हय. आन् त्याच्याचपायी दुसऱ्या बारीला कुनी खाली येईना. दोनीबी लावा, म्याडम."

स्नेहलनं पेन टोपण घालून ठेवलं, पुन्हा काढलं आणि दोन्ही फोटो कागदांना लावले.

त्याच दुपारी चंपा तळेगावला गेली. प्रदीप खाटेवर उशीला टेकून बसला होता, कमरेखाली चादर. रेणुका त्याच्या उशाशी होती. चंपानं उभ्यानंच सगळं सांगितलं. दीड घर वर, दोन घरं खाली, बॅटरीचा झोत, महिपती काय म्हणाला ते, विहारात मागितलं नसताना आज काय दिलं ते.

प्रदीप खिडकीकडं पाहत होता. खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते.

"मला वाटलं व्हतं कॅमेराच तसला हाय," तो म्हणाला. "पयलाच फोटो खरा पाठीवला असता तर?"

"तर कुनी ढुंकूनबी बगितलं नसतं, आसं वाटलं मला."

"आन् मंग दुसऱ्या बारीला मी आलो असतो का तुमच्याबरूबर?"

"ठावं न्हाई, भावजी."

प्रदीपनं चादरीवरून गुडघ्यापर्यंत हात फिरवला आणि तिथंच थांबवला.

"मलाबी ठावं न्हाई," तो म्हणाला. मग भिंतीकडं तोंड फिरवून म्हणाला, "तुमी आत्ता जावा, वयनी. चार दिस येऊ नका."

चंपा जिन्यानं खाली उतरली. फाटकापाशी पोचते न पोचते तोच मागून रेणुका आली. तिला धाप लागली होती. तिनं रिकामा डबा चंपाच्या हातात दिला.

"सोमवारी या, अक्का," ती म्हणाली. "भाकरी आना आन् वायच सुकट. हितलं जेवान तेंना जात न्हाई."

चंपानं डबा घेतला, पिशवीत ठेवला आणि स्टेशनच्या रस्त्याला लागली.